कुम्मा टोपी आणि कोरं पान

मस्कतमध्ये गणेशोत्सवाची निमंत्रणपत्रिका करायला बसलेल्या नवशिक्याला पहिलं भय असतं कोऱ्या पानाचं. अशा वेळी कल्पना सुचण्याची वाट पाहू नये, समोर दिसतं ते गिरवावं. ओमानी पुरुषांची भरतकामाची टोपी, कुम्मा, यासाठी फार सुंदर नमुना आहे: छोटी नक्षी पुन्हा पुन्हा येत टोपीभर फिरते.

२००३ पासून मोफत मिळणाऱ्या ‘इंकस्केप’ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये या नक्षीचा एकच तुकडा पेन टूलने काढा, त्याचे क्लोन करून केंद्राभोवती फिरवा. आठ प्रती असतील तर दर ४५ अंशांवर एक. मूळ तुकड्याची रेघ हलवली की सगळे क्लोन बदलतात. इथेच खरी गंमत सुरू होते, एका रेघेतून दहा नवे आकार दिसू लागतात.

रंग सुरुवातीला काळा एकच. अक्षरांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट विनामूल्य आहेत.

मजकूर फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत बसवताना जोडाक्षरं फुटली, तर फॉन्टला दोष देण्याआधी मजकुराच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडून पाहा. पत्रिकेवरचा उजवीकडून डावीकडे जाणारा अरबी मजकूरही त्यानेच नीट बसतो.