डोमेननाव : ताबा आणि स्वामित्व

होस्टिंग संस्था पत्रांस उत्तर देईनाशी झाली, म्हणजे संकेतस्थळाचे डोमेननावही हातचे गेले, असा सर्वसाधारण समज आहे. तो यथार्थ नाही. स्थळाचा मजकूर होस्टिंग संस्थेच्या संगणकावर असतो; नावाची नोंद मात्र रजिस्ट्रारच्या दप्तरी असते. ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच संस्थेमार्फत होत असल्याने हा भेद ध्यानी येत नाही.

‘.कॉम’सारख्या नावांच्या रजिस्ट्रारांना १९९८ साली स्थापन झालेल्या आयकॅन या संस्थेची मान्यता लागते. होस्टिंग संस्था ही अनेकदा अशा रजिस्ट्रारची केवळ विक्रेती असते. यास्तव प्रथम सार्वजनिक नोंदीवरून रजिस्ट्रार कोण, हे पाहावे आणि नोंदणीचा पुरावा घेऊन थेट त्याच्याकडे जावे. धारकाने मागणी केल्यापासून पाच दिवसांत त्यास स्थलांतराचा संकेतांक उपलब्ध झाला पाहिजे, असा आयकॅनचा नियम आहे. रजिस्ट्रारनेही मौन धरल्यास आयकॅनकडे तक्रार करता येते. २००७ मध्ये आयकॅनने रजिस्टरफ्लाय या रजिस्ट्रारची मान्यता काढून घेतली. त्याच्याकडील नावे पुढे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे गेली.

तथापि हे सर्व उपाय नोंदीतील धारकासाठीच आहेत. होस्टिंग संस्थेने नाव स्वतःच्याच नावे नोंदविले असेल, तर पैसे देणाराही नियमांच्या दृष्टीने परकाच ठरतो. मग मुख्यतः करारपत्र आणि न्यायालय यांचाच आधार उरतो. म्हणून नोंदीत धारक कोण, हे सेवा सुरळीत असतानाच पाहणे इष्ट होय. नोंदीतील ईमेल-पत्ताही त्याच डोमेनवरील नसावा. स्थळ बंद पडताच पुराव्याचे ते दारही बंद होते.