मोठा आवाज की लांबणारा आवाज? वाद्याच्या लाकडाची गोष्ट

नागपूरच्या महाल भागात गोंड राजांचा जुना किल्ला आहे. हे शहर वसवले ते देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, १७०२च्या सुमारास. गोंडांच्या वंशकथा गाऊन सांगणारे ते परधान. त्यांचे प्रमुख वाद्य बाना, म्हणजे गजाने वाजवायची किंगरी. पण ईशान्येला, मंडला जिल्ह्यातील काही परधानांकडे आणखी एक वाद्य आढळते, बीन-बाजा. वाकलेली दांडी, पाच तारा आणि खाली कोरलेल्या लाकडावर ताणलेले कातडे. पाश्चात्त्य हार्पचा हा जवळचा नातलग. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यावर राजाच्या मांडीवर दिसणारी वीणाही याच कुळातली.

असे तंतुवाद्य घरी करायचे तर लाकूड कोणते घ्यावे? नागपुरात उत्तर ठरलेलेच, सागवान! हे उत्तर अर्धे बरोबर आहे. कोणते अर्धे, ते पाहण्यासाठी शाळेतला नादकाटा पुरेसा आहे.

नादकाटा वाजवून हातात धरा. आवाज जेमतेम ऐकू येतो. आता त्याचा दांडा दगडी फरशीवर टेकवा, मग जाड टेबलावर, मग पातळ प्लायवुडच्या खोक्याच्या झाकणावर. झाकणावर आवाज एकदम मोठा होतो. येथे थांबू नका. प्रत्येक वेळी सारख्याच जोराने वाजवून, आवाज किती सेकंद टिकतो हे मुलांना घड्याळावर मोजू द्या. झाकणावर तो सर्वांत लवकर विझतो. साहजिक आहे. काट्याजवळची ऊर्जा तेवढीच. ती हवेत भराभर दिली तर भराभर संपणारच. बारीक तारेचेही असेच. ती स्वतः हवा फारशी हलवू शकत नाही. ते काम तिने ज्या पृष्ठभागाला जोडून घेतले आहे, तो करतो. वाद्य करणाऱ्याला म्हणूनच मोठा आवाज आणि लांबणारा आवाज यांच्यात सौदा करावा लागतो. लाकडाची निवड हा त्या सौद्याचाच भाग.

हवा हलवणारी फळी ताठर हवी, पण हलकी हवी. लाकडात तंतूंच्या दिशेने ध्वनीचा वेग ताठरपणा आणि घनता यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतका असतो. या वेगाला पुन्हा घनतेने भागले, की फळी किती सहज बोलेल याचा अंदाज येतो. युरोपातील स्प्रूस पाण्याच्या सुमारे ०.४ पट जड, आणि त्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला ५ किलोमीटरच्या आसपास. सागाची घनता सुमारे ०.६५, वेग ४ किलोमीटरहून थोडा जास्त. भागाकार करा : स्प्रूसला १२, सागाला ६ ते ७. शिसवी आणखी जड, तिचा आकडा ५च्या आतबाहेर. हार्पची बोलणारी फळी स्प्रूसची का असते, हे यावरून उमगावे. मोठ्या हार्पमध्ये ४७ तारा त्या फळीला वर ओढत असतात आणि त्यांचा एकूण ताण टनाच्या जवळपास जातो. हे सोसूनही ती पातळ राहायला हवी.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी तून हे लाकूड वापरतात. ते सागापेक्षा हलके. मागची बाजू तर लाकडाची नसतेच, ती असते वाळवलेल्या भोपळ्याची. मात्र तंबोऱ्याला सभागृह दणाणून सोडायचे नसते, त्याचा सूर रेंगाळायला हवा. त्यामुळे तबली किती पातळ तासायची हे कारागीर बोटाने ठोकून, कानाने ठरवतो. आमच्या मते त्या तासण्याला लाकडाच्या जातीइतकेच महत्त्व आहे. लाकडाला सगळे श्रेय देऊही नये. तंबोऱ्याचा तो झणत्कार मुख्यतः जवारीच्या रुंद, किंचित वक्र माथ्यातून येतो. त्याचा अभ्यास चं. वें. रामन यांनी १९२१मध्ये प्रसिद्ध केला. हेच रामन १९१०मध्ये अर्थखात्याच्या नोकरीत नागपूरला होते.

बीन-बाजात फळीचे काम कातडे करते आणि कातड्याला ताठरपणा मिळतो तो ताणातून. तेथे खालचे लाकूड कोणत्या झाडाचे, हा प्रश्न बराचसा गौण होतो. ते चिरू नये आणि वाकू नये, एवढे पुरते.

आणि येथे सागवान खरे ठरते. लाकूड ओल शोषून तंतूंना आडवे फुगते, वाळले की आक्रसते. साग यात फार संयमी. आमच्या घरचा तंबोरा एका मे महिन्यात तबलीच्या कडेने चिरला. त्याच खोलीतली सागवानी पेटी जशीच्या तशी होती. म्हणजे दांडीला, चौकटीला साग उत्तम. बोलणाऱ्या फळीला त्याहून हलके काही पाहावे.

वर्गासाठी सुताराकडून साग, आंबा, बाभूळ आणि फळांच्या पेटीचे लाकूड यांच्या एकाच मापाच्या पट्ट्या करून घ्या. एक पट्टी मुद्दाम तंतूंना आडवी कापलेली असू द्या. टोकापासून साधारण पाव लांबीवर दोन बोटांत सैल धरून मधोमध ठोका. आडवी पट्टी किती खालच्या सुरात बोलते, ते मुले लगेच ओळखतात. पट्ट्यांचे वजन आधी करून ठेवा, आणि हा प्रयोग जुलैत करू नका. ओली पट्टी नुसती थप्प वाजते.