साखळी तुटण्याची चिंता

डिंभे धरणाचा जलाशय मागे टाकून सह्याद्रीच्या माथ्यावर जाणारा रस्ता आहुपे गावाशी पोहोचतो. पलीकडे कडा तुटलेला आहे आणि घाटाची पायवाट मुरबाडच्या बाजूस उतरते. भाताची खाचरे, हिरड्याची झाडे, जुनी देवराई आणि धो धो पाऊस हे येथले वैभव. अशा गावातील कबड्डीच्या चाहत्याला पुण्याच्या संघातून कोण जाणार आणि कोण राहणार याची विवंचना लागावी, हे शहरी वाचकास नवलाचे वाटेल. परंतु कबड्डी हा खेळच असा आहे की त्याला ना महागडे साहित्य लागते ना हिरवळीचे मैदान. जो खेळ आपल्या अंगणात खेळता येतो, त्यातील मोठा संघ माणसाला परका वाटत नाही.

ही चिंता दर लिलावापूर्वी नव्याने उद्भवते. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये प्रत्येक संघ काही खेळाडू स्वतःकडे राखतो; उरलेले लिलावात उतरतात आणि जो अधिक बोली लावील त्याच्याकडे जातात. अखेरच्या बोलीइतकी रक्कम मोजून आपला खेळाडू परत घेण्याची मुभा असते. पण तिला आणि थैलीलाही मर्यादा आहे. चाहत्याचे मन मात्र अशा मर्यादा जाणत नाही.

पुण्याचाच अनुभव पाहावा. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणचा महंमदरझा शादलुई याला २ कोटी ३५ लाख रुपयांस घेतले. संघाची एकूण थैली ५ कोटींची. म्हणजे जवळपास निम्मी एका माणसावर खर्ची पडली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुण्याने प्रथमच अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर शादलुईला मोकळे करण्यात आले आणि त्याच हरियाणाने त्यास २ कोटी ७ लाखांस घेतले. २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटण्याचा ३२-२३ असा पराभव करून अजिंक्यपद पटकावले, आणि तेही पुण्यात, बालेवाडीस! यजमान शहराचा संघ त्या वर्षी बादफेरीतही नव्हता. एका खेळाडूच्या जाण्याने सर्व घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. कर्णधार अस्लम इनामदारची दुखापतही त्यास कारण होती. परंतु चाहत्याच्या काळजात सल राहिला तो राहिलाच.

हा सल केवळ भावनेचा नाही. कबड्डीत बचाव म्हणजे साखळी. कोपरारक्षकाने पाय धरला की मध्यरक्षकाने त्याच क्षणी झेप घ्यावी लागते. अर्ध्या पावलाचा उशीर झाला तर चढाईपटू मध्यरेषा गाठतो. हा मेळ पैशाने विकत मिळत नाही, एकत्र घाम गाळल्यानेच जमतो. दरसाल संघ मोडून नवा मांडला, तर सात उत्तम खेळाडू मिळतील, पण संघ मिळेलच असे नाही.

तथापि नाण्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई २०१८ साली यू मुंबाकडून ३६ लाख ४० हजारांत खेळला. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांस नेले. मुंबईचा चाहता हळहळला. पण त्या घरी काय आले याचाही विचार नको का? पूर्वी रेल्वे, बँका आणि कंपन्यांच्या संघांतून खेळणाऱ्यास नोकरी हीच बक्षिसी होती. गुडघा वा खांदा निकामी होईपर्यंतची चार-सहा वर्षे हीच खेळाडूची कमाईची मुदत. उद्या आहुप्याचा एखादा मुलगा लिलावात उभा राहिला आणि परप्रांतीय संघाने त्याच्यावर मोठी बोली लावली, तर हाच चाहता ‘जाऊ नको’ म्हणेल काय? मुळीच नाही. तो गावभर पेढे वाटील!

तेव्हा खेळाडूस बांधून ठेवणे हा उपाय नव्हे. उपाय मागणीत नसून पुरवठ्यात आहे. पुण्याच्या यशाचा खरा आधार विकत घेतलेल्या नामवंतांइतकाच संघातच वाढलेल्या तरुणांचा होता. अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार पुण्याच्या संघात मोठा झाला, २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात खेळला, आणि २०२५ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली पुण्याने पुन्हा अंतिम फेरी गाठली. ३१ ऑक्टोबरचा तो सामना दिल्लीने ३१-२८ असा जिंकला, ही गोष्ट वेगळी.

फुटबॉलमध्ये खेळाडूची संघबदली झाली की त्या रकमेतील ५ टक्क्यांपर्यंतचा वाटा त्याला लहानपणी घडविणाऱ्या संस्थांकडे जातो. कबड्डीच्या कोट्यवधींच्या बोलीतूनही असा वाटा गावच्या मंडळांकडे आणि शाळांकडे वळला पाहिजे. ज्या मातीने खेळाडू दिला तिला पुढचा खेळाडू घडविण्याचे बळ मिळाले, तर लिलावाच्या दिवशी डोंगरमाथ्यावरील चाहत्याला ‘कोण गेला?’ एवढेच विचारावे लागणार नाही. ‘आता कोण येतो?’ हेही तो आशेने विचारू शकेल.