फळ्यांची मांडणी : भार जमिनीवर, आधार भिंतीचा

घरच्या सुतारकामाच्या खोलीत फळ्या तिरप्या टेकवून ठेवल्या की वाकतात आणि जमिनीवर रचल्या की त्यांना ओल व वाळवी लागते. भिंतीलगत उभे खांब व त्यांतून निघणारे आडवे हात अशी मांडणी केली तर दोन्ही टळते. कमठाणा, बीदर या भागात मात्र मांडणीचा विचार भिंतीपासूनच सुरू करावा लागतो.

बीदरचे पठार जांभ्याचे आहे. पंधराव्या शतकात बहामनींनी बांधलेल्या किल्ल्यातही हाच दगड दिसतो. जांभा खाणीत मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो, तरी सच्छिद्रच राहतो. जुन्या घरांत तो मातीत रचलेला असतो. अशा भिंतीत फास्टनर आवळला तर भोकाच्या कडा ढासळतात. म्हणून फळ्यांचे वजन भिंतीवर टांगू नये. ते जमिनीवर उतरवावे आणि भिंतीने केवळ तोल सांभाळावा.

वजनाचा अंदाज आधी घ्यावा. वाळलेले सागवान घनफुटाला सुमारे १८ किलो भरते. बाभूळ त्याहून जड. ८ फूट लांब, ८ इंच रुंद आणि १ इंच जाड सागवानी फळी सुमारे ८ किलोची. अशा ५० फळ्या म्हणजे ४०० किलो.

हा भार चार उभ्या खांबांवर वाटला तर प्रत्येकावर १०० किलो येतात. भाराचा मध्य भिंतीपासून ७ इंचांवर आणि खांब भिंतीला धरणारा वरचा बोल्ट ६ फुटांवर असेल, तर त्या बोल्टवर बाहेर ओढणारा जोर जेमतेम १० किलोचा पडतो. त्याऐवजी ६ इंच उंचीच्या सुट्या ब्रॅकेटवर २० किलो ठेवले, तरी वरच्या स्क्रूवर सुमारे २३ किलोची ओढ येते. उंच खांबाचा फायदा इथे दिसतो.

खांब तीन थरांचा करावा. बाहेर ४ इंच रुंद, दीड इंच जाड अशा दोन अखंड पट्ट्या. मधल्या थरात आळीपाळीने ठोकळा आणि हात. हात खालच्या ठोकळ्यावर बसतो, त्यामुळे भार थेट खाली जातो आणि दोन बोल्ट फक्त त्याला जागेवर धरतात. हात १४ इंच बाहेर ठेवून टोकाला अर्धा इंच चढ द्यावा, म्हणजे फळी घसरत नाही. दोन खांबांत दोन फुटांहून जास्त अंतर नको, नाहीतर पातळ फळ्यांना झोल पडतो. सर्व हात सुतळीने एका ओळीत आणावेत.

शहाबादी फरशीवर खांब उभा करण्याआधी ती ठोकून पाहावी. आवाज पोकळ आला तर खाली भरीव आधार द्यावा. वरचा बोल्ट जांभ्याच्या भिंतीतून आरपार नेऊन पलीकडे रुंद लोखंडी पट्टी लावावी. वीट किंवा काँक्रीटच्या पक्क्या भिंतीत लांब फास्टनर पुरतो.

सर्वांत खालचा हात जमिनीपासून फूटभर वर असावा. जड लाकूड खाली आणि हलके वर ठेवावे. फळ्या व भिंत यांत दोन बोटांची फट सोडावी. हिरव्या लाकडाच्या थरांमध्ये सारख्या जाडीच्या काठ्या, नेमक्या हातांच्या वर, घालाव्यात. हवा खेळली की लाकूड सरळ वाळते. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून बोल्ट सैल पडतात, तेव्हा वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, ते सगळे आवळावेत आणि खांबांच्या तळाशी वाळवीची माती दिसते का ते तपासावे.