‘आपलाच धर्म खरा’ ही खात्री येते कुठून?

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या काठच्या डोंगररांगांत माहूर आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकेचे मंदिर येथे एका डोंगरावर, दत्ताचे दुसऱ्या शिखरावर आणि अनसूयेचे तिसऱ्यावर. खाली महानुभावांचे देवदेवेश्वर, तसाच सोनापीर बाबांचा दर्गा. जिल्ह्याच्या ठिकाणी, नांदेडला, शिखांचा हुजूरसाहिब गुरुद्वारा. गुरू गोविंदसिंगांचा देह तेथे १७०८ साली पडला. माहूर-किनवट भागातल्या एखाद्या शाळेच्या एकाच वर्गात देवीचे भक्त, महानुभाव, मुसलमान, बौद्ध, बंजारा, गोंड आणि कोलाम अशा सर्व घरांतली मुले शेजारीशेजारी बसतात. त्यांतले एखादे मूल कधीतरी विचारतेच, ‘‘सर, मग खरा धर्म कोणता?’’

या प्रश्नाचे उत्तर येथे द्यावयाचे नाही. आपण त्याच्या शेजारचा प्रश्न घेऊ या. ज्याला त्याला आपलाच धर्म खरा वाटतो, तो कसा? ही खात्री माणसाच्या मनात कोणत्या वाटेने शिरते? पहिला प्रश्न विज्ञानाच्या कक्षेत कितपत बसतो याबद्दल वाद होईल. दुसरा निश्चित बसतो.

माहूरचेच उदाहरण पुरेसे बोलके आहे. दत्ताचा जन्म येथला, आणि दत्त रोज झोपायला येथे येतात, अशी श्रद्धा आहे. शिखरावर जाणाऱ्या बहुसंख्य भाविकांचा दत्त तीन मुखांचा: ब्रह्मा, विष्णू, महेश यांचे एकत्र रूप. महानुभावांचा श्रीदत्तात्रेय मात्र एकमुखी. तो त्रिमूर्ती नव्हे, तर परमेश्वराचा अवतार आणि पंचकृष्णांपैकी एक. देवदेवेश्वर हे त्यांच्या दृष्टीने त्याचे निद्रास्थान. महानुभाव तत्त्वज्ञान देवता आणि परमेश्वर यांत स्पष्ट भेद करते आणि देवतांच्या भक्तीने मोक्ष मिळत नाही असे सांगते. म्हणजे नाव एक, गाव एक, मुक्कामाची कथाही जवळपास एक, तरीही दोन खात्र्या एकमेकींना छेद देणाऱ्या. दोन्हीकडची माणसे तितकीच प्रामाणिक आणि तितकीच ठाम.

स्थानांचेही तसेच आहे. रेणुका, जमदग्नी आणि परशुराम यांची कथा कर्नाटकात सौंदत्तीच्या डोंगरावरही सांगतात. तेथली यल्लम्मा म्हणजे रेणुकाच. अनसूयेचा आश्रम चित्रकूटला दाखवतात, आणि त्रिमूर्तीने अनसूयेची परीक्षा पाहिल्याची कथा तमिळनाडूत शुचींद्रमच्या देवळाशीही जोडलेली आहे. प्रत्येक ठिकाणच्या माणसाला विचारा, ते येथेच घडले याबद्दल त्याला तिळमात्र शंका नसते.

जन्म आणि विश्वास

सर्वांत मोठे कारण सर्वांत साधे आहे. २०१९-२० मध्ये अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने भारतात जवळजवळ ३०,००० प्रौढांची पाहणी केली. तुम्ही कोणत्या धर्मात वाढलात आणि आज तुमचा धर्म कोणता, या दोन प्रश्नांना ९८ टक्के लोकांनी एकच उत्तर दिले. या लोकांनी सगळे धर्म शेजारी मांडून, तपासून एक निवडला असता, तर प्रत्येकाचे परीक्षण नेमके जन्मघरापाशीच येऊन थांबण्याचे कारण नव्हते. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली हेच बोट दाखवून सांगितले होते: ज्या कारणांनी एखादा माणूस लंडनमध्ये ख्रिस्ती होतो, त्याच कारणांनी तो पेकिंगमध्ये बौद्ध झाला असता.

पण यात मुलाची चूक नाही. मूल जगाबद्दल जे शिकते त्यातले फारच थोडे ते स्वतः पडताळून पाहू शकते. पृथ्वी गोल आहे, पाण्यात जंतू असतात, आजोबांचे आजोबा अमुक गावचे, हे सारे ते मोठ्यांच्या शब्दावर घेते. पॉल हॅरिस या मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या या स्वभावाचा बराच अभ्यास केला आहे. डोळ्यांना न दिसणारे जंतू आणि डोळ्यांना न दिसणारा देव, दोन्ही मूल एकाच वाटेने स्वीकारते. विश्वासू माणसांनी सांगितले आणि त्याबद्दल कुणी शंका घेताना दिसले नाही, एवढे त्याला पुरते. खरे तर मुलाचा हा विश्वास नसता, तर आपली शाळा एक दिवस चालली नसती.

त्यात मूल नुसते ऐकत नाही, पाहतेही. आई नवरात्राचे नऊ दिवस उपवास करते, वडील अनवाणी डोंगर चढतात, शेजारचे चाचा रमजानचा महिनाभर उन्हाळ्यातसुद्धा पाण्याचा घोट घेत नाहीत. नुसते बोलणे स्वस्त असते. पदरमोड करून, कष्ट सोसून केलेली गोष्ट खोटी कशी असेल? जोसेफ हेन्रिक यांनी २००९ साली हा विचार नीट मांडला. सांगणाराच जेव्हा आपल्या श्रद्धेसाठी झीज सोसतो, तेव्हा ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

झीज सोसणाऱ्याच्या मनावरही परिणाम होतो. १९५९ साली ॲरन्सन आणि मिल्स यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. एका चर्चामंडळात प्रवेश मिळवण्यासाठी काही विद्यार्थिनींना बरेच लाजिरवाणे काम करायला लावले, काहींना सोपे काम दिले. मग सगळ्यांना त्या मंडळाची एक मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा ऐकवली. जिने जास्त सोसले होते, तिला ती चर्चा जास्त चांगली वाटली. एवढे सोसून मिळवलेली गोष्ट सामान्य आहे, असे म्हणायला मन धजत नाही. डोंगर पायी चढून गेलेल्याला दर्शन अधिक गोड लागते, यात नवल नाही.

गर्दीचाही वाटा मोठा. स्पेनमधील सान पेद्रो मानरिके या गावी दरवर्षी निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी होतो. संशोधकांनी तेथे लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले (निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले). निखाऱ्यांवरून चालणारा आणि नुसते उभे राहून पाहणारे त्याचे नातलग, यांचे ठोके सारख्या लयीत चढत-उतरत होते. बाहेरून आलेल्या प्रेक्षकांचे मात्र तसे नव्हते. आरतीच्या वेळी, उर्साच्या रात्री किंवा कीर्तनात ‘अंगावर काटा आला’ असे माणूस सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. अनुभव खराच असतो. अडचण इतकीच की हा अनुभव प्रत्येक धर्मात येतो; तेव्हा अमुक एकच धर्म खरा, याचा पुरावा म्हणून तो कुणालाच वापरता येत नाही.

नवसाचा हिशोब

आता प्रचितीकडे येऊ. आमच्या मते सारे गूढ येथे आहे, आणि शिक्षकाला सर्वांत जास्त काम येथेच करता येते. ‘‘आमचे सोडा, पण आम्हाला अनुभव आला आहे,’’ असे म्हणणाऱ्यापुढे वाद खुंटतो. तो अनुभव आपण थोडा मोजून पाहू या.

समजा, एका वर्षी पंचक्रोशीतल्या १,००० घरांनी मुलाचा ताप उतरावा म्हणून नवस बोलला. बहुतेक ताप आपोआप उतरतात. समजा, ९५० मुले बरी झाली. ही ९५० घरे नारळ, खण, ओटी घेऊन नवस फेडायला डोंगर चढतील. उरलेली ५० घरे येणार नाहीत; ती दुःखात असतील, किंवा दुसऱ्या देवाकडे गेली असतील. आता पायऱ्यांवर उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, ‘‘नवस फळला का?’’ शंभरातले शंभर ‘‘हो’’ म्हणतील. फळला नसता तर ते तेथे आलेच नसते! याखेरीज आणखी १,००० घरे अशी आहेत, की ज्यांनी नवस बोललाच नाही आणि त्यांचीही ९५० मुले बरी झाली. त्यांना कोणी विचारत नाही.

सोनापीर बाबांच्या दर्ग्यात चादर चढवायला येणाऱ्यांची गोष्ट हीच, आणि हुजूरसाहिबला मन्नत मागणाऱ्यांचीही हीच. ठिकाणे वेगळी असली तरी हिशोब एकच, आणि प्रत्येक ठिकाणी तो ‘शंभर टक्के’ यशाचाच दिसतो.

ही युक्ती फार जुनी आहे. जहाज बुडताना नवस बोलून वाचलेल्यांची चित्रे एका ग्रीक देवळात लावलेली होती. ती दाखवून भाविकाने डायागोरस नावाच्या नास्तिकाला छेडले, तेव्हा त्याने विचारले, की नवस बोलूनही बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत? ही गोष्ट रोमन लेखक सिसरोने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे.

आपली भाषाही या कामात मदत करते. काम झाले की आपण म्हणतो ‘देव पावला’, बिघडले की ‘देव कोपला’. दोन्ही निकालांना शब्द तयार आहे आणि दोन्हींतून देव सिद्धच होतो. देवाचा या गोष्टीशी काही संबंध नव्हता, असे सांगणारा तिसरा शब्द मात्र रोजच्या बोलीत नाही.

भाकीत साफ चुकले तरी खात्री टिकते, याचा एक नमुना जवळच पाहता येतो. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्त परत येणार असे धरले होते. काहींनी त्यासाठी शेतातले पीकही काढले नाही. ख्रिस्त आला नाही. पुष्कळ लोक निराश होऊन निघून गेले. पण उरलेल्यांपैकी काहींनी ठरवले, की तारीख बरोबर होती, घटना मात्र पृथ्वीवर नव्हे तर स्वर्गात घडली. त्यांच्यातूनच पुढे १८६३ साली सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ उभा राहिला. पुण्यातील औंधचे स्पायसर विद्यापीठ याच पंथाचे. ‘नवस फळला नाही, कारण सोवळे मोडले’ हे स्पष्टीकरण याच जातीचे आहे. प्रत्येक धर्मात असे कोठार भरलेले असते.

जे बदलले त्यांचे काय?

हे सारे खरे असेल तर माणूस धर्म बदलतो तरी कसा? महाराष्ट्रात याची फार चांगली उदाहरणे आहेत. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने बायबल दिले. वाचन, शंका, पुन्हा वाचन असे करत ते १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षांनी झाल्या, त्याही नवऱ्याच्या युक्तिवादाने नव्हे, तर जातपात माणसाने केलेली आहे हे स्वतःला उमगल्यावर. एकाच घरात दोघांच्या दोन वाटा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी धर्म तपासण्यात घालवली. महाबोधी सोसायटीच्या मासिकात १९५० साली लिहिलेल्या लेखात त्यांनी निकष उघड मांडले: धर्म बुद्धीला पटणारा हवा, त्याने स्वातंत्र्य, समता, बंधुता मानली पाहिजे, दारिद्र्याला पवित्र ठरवता कामा नये. म्हणजे ‘कोणत्या देवाची प्रचिती आली’ हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि ‘कोणता धर्म माणसाला माणूस म्हणून जगू देतो’ हा विचारला. कसोटी आधी सांगायची आणि मग निवड करायची, ही रीत दुर्मिळ आहे. त्यांच्यामागे जे लाखो लोक गेले, ते बव्हंशी बाबासाहेबांवरच्या विश्वासाने गेले, हेही खरे. आणि त्या विश्वासाला आयुष्यभराच्या झिजेचा आधार होता. आज त्यांची नातवंडे मात्र जन्माने बौद्ध आहेत. त्यांच्याकडे खात्री येते ती पुन्हा घरातूनच.

एक इशारा येथे द्यायला हवा. एखादी समजूत कशी तयार झाली हे कळले म्हणजे ती खोटी ठरली, असे होत नाही. गुरुजींच्या धाकाने पाठ केलेला पाढाही बरोबरच असतो. विवेकवादी घरात जन्मलेले मूलही बहुधा विवेकवादीच होते, आणि त्यालाही आपली मते स्वतः शोधलेली वाटतात. वरच्या विवेचनातून निघते ते एवढेच, की खात्री किती पक्की आहे यावरून ती गोष्ट खरी आहे की नाही, हे ठरत नाही.

मग जंतू आणि देव यांत फरक काय, असे एखादा हुशार मुलगा विचारील. दोन्ही ऐकीवच ना? उत्तर असे, की जंतूंबद्दलचा शब्द ज्याला तपासावासा वाटेल त्याच्यासाठी वाट मोकळी आहे: सूक्ष्मदर्शक आहे, तो पाहणाऱ्याचा धर्म विचारत नाही, आणि चूक सापडली तर पुस्तक बदलते. ज्या खात्रीला अशी वाट आहे आणि जिला नाही, त्यांतला फरक मुलांना दाखवून द्यावा. निवाडा त्यांच्यावर सोडावा. संपूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, असे संविधानाचे कलम २८ सांगते, आणि कलम ५१ क वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य मानते. धर्माची टवाळी करा, असे दोन्हींत कुठेच म्हटलेले नाही. वर्गात एका मुलाच्या आईच्या नवसाला हसलो, तर ते मूल विज्ञानापासूनच दूर जाईल.

म्हणून वर्गात देवापासून सुरुवात करू नये. कावळ्यापासून करावी. कावळा ओरडला की पाहुणा येतो, ही समजूत सगळ्या घरांत आहे आणि ती मोडली तर कुणाच्या भावना दुखावत नाहीत. प्रत्येक मुलाला वहीत चार रकाने आखू द्या: कावळा ओरडला, पाहुणा आला, ओरडला, आला नाही, ओरडला नाही, तरी आला, ओरडला नाही, आलाही नाही. महिनाभर रोज एका रकान्यात एक खूण. सुरुवात करण्यापूर्वी ‘ओरडला’ म्हणजे कुठे आणि कोणत्या वेळेत, ‘पाहुणा’ कोणाला म्हणायचे, हे वर्गाने ठरवून फळ्यावर लिहून ठेवावे. नाहीतर शेजारच्या काकूही सोयीप्रमाणे पाहुण्या होतील. पहिला रकाना मुले उत्साहाने भरतात. चौथा भरायला विसरतात, कारण त्या दिवशी काही घडलेलेच नसते. रोज सकाळी हजेरी घेताना आधी चौथ्या रकान्याची चौकशी करावी.