ठोकळ्यांची गोधडी

कापडाचे तुकडे जोडून उबदार पांघरूण करण्याची कला पुष्कळ देशांत आढळते. महाराष्ट्रात जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून त्यांवर धावदोरा घालतात. अमेरिकेतील गोधडीची रीत थोडी निराळी आहे. तेथे प्रथम रंगीत तुकडे नेमक्या आकारांत कापून जोडतात व त्यांचा वरचा थर तयार करतात; मग त्याखाली कापूस व अस्तर घालून तिन्ही थर टाक्यांनी एकत्र बांधतात. या वरच्या थराच्या नक्षीचे शेकडो प्रकार असून त्यांना निरनिराळी नावे आहेत.

‘गडगडणारे ठोकळे’ हा त्यांपैकी एक मोठा गमतीदार प्रकार. ६० व १२० अंशांचे कोन असलेले तीन सारखे समभुज चौकोन घ्यावयाचे. एक फिकट, एक मध्यम व एक गडद रंगाचा. त्यांचे मोठे कोन एका बिंदूत आणून जोडले, की षट्कोन तयार होतो. पण डोळ्यांना तो षट्कोन दिसतच नाही! वरून उजेड पडलेला लाकडी ठोकळा समोर ठेवला आहे, असाच भास होतो. ही युक्ती गोधडीपेक्षा फार जुनी आहे. ग्रीसमधील डेलॉस बेटावर इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील फरशीतही असे ठोकळे पाहावयास मिळतात.

दिसावयास सोपी असली, तरी ही नक्षी शिवणाऱ्याची परीक्षा पाहते. दोन तुकडे सरळ शिवणीने जोडता येतात. तिसरा मात्र त्या दोहोंच्या मधल्या खाचेत बसवावा लागतो. त्यासाठी पहिली शिवण कापडाच्या कडेच्या पाव इंच अलीकडेच थांबवावयाची, सुई तेथेच रोवून कापड वळवावयाचे आणि मग दुसरी बाजू शिवावयाची. एखादा टाका पुढे गेला तर कापडाला चुणी पडते. मागे राहिला तर भोक दिसते. शंभर ठोकळ्यांच्या गोधडीत अशा जागा दोनशेच्या जवळपास येतात.

हाताने शिवणाऱ्या स्त्रियांना याचे विशेष वाटत नसे, कारण हाताचा टाका हवा तेथे सुरू करता येतो व हवा तेथे थांबविता येतो. इंग्लंडात तर कापड कागदाच्या आकृतीवर दुमडून मग कडा जोडण्याची पद्धत होती. त्यासाठी जुनी पत्रे व हिशेबाची पाने कापीत. काही अपुऱ्या गोधड्यांत ते कागद तसेच राहून गेले आणि त्यांवरील मजकुरावरून त्या गोधड्यांचा काळ ठरविण्यास आज मदत होते.

शिवणयंत्राची गोष्ट वेगळी. १८४६ साली एलिअस हाऊ यांना अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट मिळाले आणि पुढे घरोघरी यंत्रे आली. यंत्राला लांब, सरळ शिवण आवडते. खाचाखोचा आवडत नाहीत. तेव्हा नक्षी न बिघडविता तिची जोडणी सरळ कशी करावी, हा प्रश्न उभा राहिला.

त्याचे उत्तर भूमितीत आहे. ठोकळ्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एक उभी रेषा काढावी. डावा व उजवा चौकोन अखंड राहतात. फक्त वरचा फिकट चौकोन दुभंगून त्याचे दोन समभुज त्रिकोण होतात. आता तुकडे तीनांऐवजी चार झाले, परंतु खाच नाहीशी झाली. फिकट त्रिकोण, मध्यम चौकोन, पुन्हा फिकट त्रिकोण, मग गडद चौकोन, अशा क्रमाने उभा पट्टा शिवीत जावे. प्रत्येक शिवण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाते. असे पट्टे शेजारी शेजारी जोडले, की दोन अर्धे त्रिकोण एकमेकांस भिडतात व ठोकळे पुन्हा उभे राहतात. रंगीत कागद कापून हे सहज पडताळून पाहता येते.

कागदाला चालते ते कापडाला मात्र चालत नाही. तयार चौकोन मधोमध कापून त्रिकोण केले, तर शिवणीत दोन्ही बाजूंचे पाव पाव इंच जाते आणि ठोकळा तोकडा पडतो. म्हणून प्रत्येक त्रिकोण तिन्ही बाजूंनी पाव इंच माया ठेवून स्वतंत्रच कापावा लागतो. कापड तिरकस कापल्यामुळे त्याच्या कडा ताणल्या जातात. शिवताना त्या ओढू नयेत. शिवाय पट्टे जोडण्यापूर्वी समोरासमोरचे कोपरे टाचणीने पक्के करावेत, नाहीतर ठोकळ्यांचे माथे एकमेकांवरून सरकतात.

या सोयीची किंमतही द्यावी लागते. प्रत्येक ठोकळ्याच्या माथ्यावर एक जादा शिवण येते. एकरंगी किंवा बारीक ठिपक्यांच्या कापडात ती लपून जाते. रेघांच्या कापडात मात्र रेघा मोडलेल्या स्पष्ट दिसतात. वरच्या बाजूस रेघांचे किंवा मोठ्या फुलांचे कापड घालावयाचे असेल, तर तो चौकोन न कापता जुन्याच रीतीने खाचेत बसविलेला बरा, आणि त्यासाठी हातची सुई यंत्रापेक्षा अधिक सोयीची पडते.