समई मोडीत घालण्यापूर्वी

कलासंग्रह म्हणजे श्रीमंतांचा षोक, असे आपण सहज म्हणून जातो. पण पुण्याचे कै. दिनकर केळकर पाहा! १९२० च्या सुमारापासून त्यांनी दिवे, अडकित्ते, पानाचे डबे असल्या घरगुती वस्तू जमवल्या. त्यांतूनच वीस हजारांवर वस्तूंचे संग्रहालय उभे राहिले. आमच्या चिखलीत मात्र आजीची समई वजनावर मोडीत जाते. ती वितळली की पितळेचा भाव तेवढा हाती येतो. घडवणाऱ्याची कारागिरी कायमची बुडते. तेव्हा मोडीत घालण्यापूर्वी वस्तू एकदा नीट न्याहाळा. ऐपतीप्रमाणे घ्या, पण आवडेल तेच घ्या. आणि ती कोणाची, कोठली, केव्हाची, हे वहीत टिपून ठेवा. नफ्याच्या भरवशावर राहू नका. गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. पाहण्याचा आनंद मात्र रोजचा आहे.